एकोणऐंशी दिवसांचा खंड

विधानसभेत खोटं बोलता येत नाही असं मी म्हटलं की लोक हसतात. हसू देत. भाषणात कुणी काय वाट्टेल ते बोलावं, पण तारांकित प्रश्नाचं छापील उत्तर ही वेगळी चीज आहे. ते खोटं निघालं तर हक्कभंग होतो, आणि त्यात मंत्री सहसा अडकत नाहीत, उत्तर तयार करणारा कक्ष अधिकारी अडकतो. म्हणून उत्तर जाण्याआधी आम्ही फोन करकरून गावातल्या दवाखान्यातल्या गोळ्या मोजायला लावतो. वर्षभर कुणी मोजत नाही, त्या एका दिवशी मात्र दोनदा मोजतात.

मी कुंदा गभणे, आरोग्य खात्याच्या औषध पुरवठा कक्षात कक्ष अधिकारी. बावीस वर्षं आमदारांच्या प्रश्नांची उत्तरं लिहीत आले. प्रश्न ठरावीक साच्यात येतो: अमुक ठिकाणी औषध नाही, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय. उत्तरही साच्यातलंच असतं. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ लिहिता आलं की सुटलो, कारण पुढच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढंच लिहायचं असतं. ते लिहिताना माझा हात कधी थांबला नाही, हेही सांगून टाकते.

२०३३ साली आमच्याकडे ‘चाहूल’ आली. सरकारी नाव दोन ओळींचं होतं, ते कुणी घेत नसे. एखाद्या तालुक्याबद्दल विधानसभेत प्रश्न येणार असेल तर त्याच्या खुणा महिना-दीड महिना आधीपासून दिसू लागतात. स्थानिक पेपरात चार ओळींची बातमी येते, दवाखान्यातून परत गेलेल्यांची संख्या वाढते, आमदाराच्या कार्यालयात तक्रारी साठतात. तो आमदार पूर्वी कशावर बोलला, निवडणूक किती जवळ आहे, तो सत्तेत आहे की विरोधात, हेही मोजता येतं. तीस वर्षांचे प्रश्न वाचून चाहूल हे सगळं शिकली. रोज सकाळी ती प्रत्येक तालुक्यासमोर शून्य ते शंभरातला एक आकडा लिहायची. पुढच्या पंचेचाळीस दिवसांत तिथून प्रश्न येण्याची शक्यता किती, तो हा आकडा.

तिचं दुसरं काम औषधं वाटायचं. राज्याला शंभर पाकिटं लागली तर सत्तर येतात, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. उरलेली तीस कुणाला द्यायची नाहीत, हे कुणीतरी ठरवावं लागतं. यंत्राला ते ठरवायला सांगायचं तर चांगलं काम कशाला म्हणायचं, हे आधी सांगावं लागतं. दवाखान्यांचे मासिक तक्ते निरुपयोगी होते. त्यात सगळीकडे सगळं असतं.

समितीत त्या दिवशी मी बोलले. मी म्हटलं, “सरकारात एकच माहिती खरी असते, विधानसभेतल्या उत्तराची. मग तीच धरा. ज्या दिवशी आपल्याला ‘होय, हे खरे आहे’ असं लिहावं लागतं, त्या दिवशी आपण चुकलो. यंत्राला सांगा, ‘होय’ कमीत कमी यायला हवेत.”

उपसचिव दाभाडकर साहेबांनी टेबलावर थाप मारली. “गभणेबाई, वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी कामाचं बोललं!”

मलाही तसंच वाटलं होतं. आदल्या वर्षी आमच्या उत्तरांत दोनशे बारा ‘होय’ होते. चाहूल आल्यावर पुढच्या वर्षी नऊ उरले. प्रश्न यायच्या आत औषध पोचायचं, आणि आम्ही छातीवर हात ठेवून ‘हे खरे नाही’ लिहायचो. शिवाय ते खरंच असायचं. मला प्रशस्तिपत्र मिळालं, ते मी घरी टीव्हीच्या वर टांगलं.

माझा भाऊ मनोहर लांजेवार पूर्व विदर्भातल्या देवळखेडला राहायचा. झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचा. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, नाटकं, उरलेलं वर्ष दुरुस्तीची कामं आणि मुलांना शिकवण्या. २०३५ च्या फेब्रुवारीत त्याला क्षय निघाला, तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. मी घाबरले. तोच मला समजावत होता.

“बाई, आता पयल्यासारखं नाही रायलं. सहा महिने गोळ्या घेतल्या का झालं. डॉक्टर म्हणते, पुढच्या मंडईले तू वाजवशील.”

आणि ते खरं होतं. मार्चपासून सुरू झालेल्या गोळ्यांनी दोन महिन्यांत त्याचा ताप गेला, वजन चार किलो वाढलं. फक्त एकच अट होती, एकही दिवस चुकवायचा नाही. या गोळ्या बाजारात मिळत नाहीत, सरकारी दवाखान्यातूनच अठ्ठावीस दिवसांचं पाकीट येतं. शकुनवहिनी कॅलेंडरवर रोज फुली मारायची.

मे महिन्यात देवळखेडचे आमदार हृदयविकाराने गेले. पेपरात फोटो आला, सभागृहाने दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली. पोटनिवडणूक लागणार होती, पण मतदारयाद्यांवरून कुणीतरी कोर्टात गेलं आणि ती लटकली. यातलं काहीच मला माझ्या भावाशी जोडावंसं वाटलं नाही.

दहा जूनला वहिनीचा फोन आला. “बाई, पाकीट आलं नाही म्हणते. पुढच्या आठवड्यात येईल म्हणते.”

मी चाहूल उघडली. देवळखेडसमोर शून्य होतं. आमदार नाही म्हणजे प्रश्न नाही, आणि प्रश्न नाही म्हणजे ‘होय’ लिहायची भीती नाही. औषध कमी पडत होतं तेव्हा यंत्राने ते अगदी बिनचूक जागेवरून काढलं होतं. हा नियम माझा होता. कुणाच्या नावाने बोटं मोडायची सोयही नव्हती.

दाभाडकर साहेबांकडे गेले. भाऊ आहे हे सांगितलं नाही, आडनाव वेगळं असल्यामुळे त्यांना कळायचं कारणही नव्हतं.

“साहेब, देवळखेडला क्षयाचे अकरा रुग्ण आहेत. पाकिटं थांबलीत.”

त्यांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, सरळ होता. “कुणाच्या ताटातून काढू, सांगा. तुम्ही नाव सांगा, मी सही करतो.”

मी यादी बघितली. प्रत्येक तालुक्यात कुणी ना कुणी होतंच. मला नाव सांगता आलं नाही, आणि त्या क्षणी मला स्वतःची चीड आली, कारण भावासाठी मी सांगायलाच हवं होतं.

मग मी जे केलं त्यासाठी नोकरी जाऊ शकते. शेजारच्या मांडवदरी मतदारसंघाचे आमदार घोरमोडे विरोधी पक्षात होते. निवृत्त मुख्याध्यापक. सभागृहातही खडूने लिहिल्यासारखं स्वच्छ बोलायचे. मी आमदार निवासात त्यांच्या खोलीवर गेले आणि प्रश्नाचा मसुदा त्यांच्यासमोर ठेवला. आमदाराला कुठल्याही तालुक्याबद्दल विचारता येतं.

त्यांनी तो दोनदा वाचला. “ताई, प्रश्न तुम्हीच लिहिला. उत्तरही तुमच्याच टेबलावर येणार?”

“हो.”

“मग मला मधे कशाला घेता? सरळ स्वतःशीच बोला की.” हसले, पण सही केली. “कोण आहे तिथं तुमचं?”

“भाऊ.”

त्यांनी चहा पाजला.

प्रश्न दाखल झाला आणि दुसऱ्याच सकाळी देवळखेडचा आकडा शहाण्णव झाला. मला रडू आलं. पण पाकिटं निघाली नाहीत. उत्तर होतं तेवीस जुलैला. चाहूलच्या हिशेबात पाकिटं एकवीसला पोचली तरी चालणार होतं, तोवर ती दुसरीकडे कामाला येत होती. आणि एकवीस तारखेलाच ती पोचली. मधे एक्केचाळीस दिवस गेले होते.

बावीसला दवाखान्यात दोनदा मोजणी झाली. मी उत्तर लिहिलं: ‘(१) हे खरे नाही. देवळखेड येथे औषधसाठा उपलब्ध आहे. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’ प्रश्न लिहिताना मी ‘औषध उपलब्ध नाही, हे खरे आहे काय’ असं लिहिलं होतं. बावीस वर्षांच्या सवयीने वर्तमानकाळ वापरला होता. खंड पडला होता का, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

खंडाने काय होतं ते नंतर जिल्ह्याच्या डॉक्टरांनी मला समजावलं. त्या पाकिटात तीन औषधं असतात. दोन औषधं दोन दिवसांत शरीराबाहेर जातात. तिसरं मात्र महिनोन्महिने रेंगाळतं, थोडं थोडं कमी होत जातं. तिन्ही मिळून मारा करतात तेव्हा जंतूला उसंत मिळत नाही. गोळ्या थांबल्या की ते तिसरं औषध एकटं उरतं, तेही अपुरं. जंतू त्याच्यासोबत राहायला शिकतात. त्यातले जे तगतात त्यांचीच पुढे वाढ होते. मग पुन्हा तिन्ही औषधं आली तरी त्यातलं एक आधीच निकामी झालेलं असतं आणि उरलेल्या दोघांचीही पाळी येते.

आलेलं पाकीट सतरा ऑगस्टला संपलं. अधिवेशन संपलं होतं, आकडा पुन्हा शून्यावर आला होता. यावेळी अडतीस दिवस गेले. सप्टेंबरच्या शेवटी पोटनिवडणूक जाहीर झाली, आकडा चाळीसवर गेला, गाडी आली. आठवड्याने कोर्टाने निवडणुकीला पुन्हा स्थगिती दिली, पण तोवर तीन पाकिटं घरात आली होती. वहिनी खूश झाली. “आता दिवाळीपर्यंत चिंता नाही.”

ऑक्टोबरच्या तपासणीत कळलं की गोळ्या लागू पडत नाहीत.

मी रजा टाकून गेले. दादा खाटेवर उशीला टेकून बसला होता. समोर ऑर्गन, त्यावर चादर. बोलताना दर चार शब्दांनी थांबायचा.

“बाई, तू तं मुंबईले... औषधाच्याच खात्यात आहेस ना?”

“हो दादा.”

“मंग तुले मालूम असन. काहून नव्हत्या आल्या गा गोळ्या?”

मी सांगायला पाहिजे होतं. समितीत मी काय बोलले, कुणी टेबलावर थाप मारली, टीव्हीच्या वर काय टांगलंय. मी म्हटलं, “गाडी बिघडली होती.”

“हं. रस्ते खराबच आहेत इकडले.” त्याने माझं बोलणं खरं मानलं. लहानपणापासून तो माझं सगळं खरं मानत आला होता.

नऊ नोव्हेंबरला तो गेला. त्या दिवशी घरात एक पूर्ण पाकीट शिल्लक होतं.

डिसेंबरात अधिवेशनासाठी आम्ही पेट्या भरून नागपूरला गेलो. घोरमोडे सरांनी आपणहून प्रश्न टाकला होता. तो माझ्याच टेबलावर आला. ‘देवळखेड येथील मनोहर लांजेवार यांचा औषधाअभावी मृत्यू झाला, हे खरे आहे काय?’

मी ‘होय, हे खरे आहे’ लिहिलं. दाभाडकर साहेबांनी बोलावलं.

“बाई, मृत्यूच्या दिवशी रुग्णाच्या घरी औषध होतं. दवाखान्यातही होतं. ‘औषधाअभावी’ कसं म्हणता येईल? हक्कभंग तुमच्यावर येईल.”

त्यांचं बरोबर होतं. कागदावर एकही अक्षर खोटं नव्हतं. मी स्वतःच्या हाताने खोडलं आणि लिहिलं, ‘हे खरे नाही.’ आणि खाली, सवयीने, बाकीचंही.

प्रश्न पुकारला गेला तेव्हा मी अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसले होते. मंत्रीमहोदयांनी छापील उत्तर वाचलं. घोरमोडे सर उपप्रश्नाला उभे राहिले.

“अध्यक्ष महोदय, मृत्यूच्या दिवशी औषध होतं, हे मान्य. त्याआधी उपचारात खंड पडला होता का? एकूण किती दिवस? आणि मृत्यू त्या खंडामुळे झाला का?”

मंत्र्यांनी गॅलरीकडे बघितलं. अशा वेळी आम्ही चिठ्ठी पाठवायची असते. आमच्या मंत्र्यांना चिठ्ठी आधी मनात वाचायची सवय नव्हती, हातात पडली की थेट माइकवर वाचायचे. त्यावरून कँटीनमध्ये भरपूर विनोद व्हायचे. दाभाडकर साहेब माझ्या कानाशी म्हणाले, “माहिती घेऊन पटलावर ठेवू, असं लिहा.” मी मान डोलावली आणि दुसरंच लिहिलं.

“एकोणऐंशी दिवस,” मंत्र्यांनी मोठ्याने वाचलं. “मृत्यू त्या खंडामुळेच झाला. होय, हे खरे आहे.”

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग विरोधी बाकांवरचे सगळे एकदम उठले. सभागृह दहा मिनिटांसाठी तहकूब झालं. दाभाडकर साहेब माझ्याकडे न बघता उठून गेले. मी तिथेच बसून राहिले. वर्षातला तो पहिला ‘होय’ होता, आणि माझ्या दादाच्या नावाने होता. मला खरंच बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

गदारोळ मोठा झाला आणि संध्याकाळपर्यंत सरकारला सभागृहात आश्वासन द्यावं लागलं. मला झापायला बोलावलं होतं, पण मसुदा लिहायला दुसरं कुणी नव्हतं. तो मीच लिहिला, शब्द न् शब्द तोलून, यावेळी वर्तमानकाळाची चूक न करता: ‘यापुढे क्षयरोगाच्या कोणत्याही नोंदणीकृत रुग्णाच्या उपचारात एक दिवसही खंड पडू दिला जाणार नाही.’ घोरमोडे सरांनी बाहेर येऊन माझे हात हातात घेतले. “ताई, भाऊ गेला तुमचा. पण राज्यातल्या प्रत्येकाला आता पूर्ण औषध मिळेल.” आम्ही दोघंही रडलो.

आश्वासन चाहूलमध्ये भरलं गेलं. ‘होय’ टाळायचे, आणि खंडही टाळायचा.

एक जानेवारीच्या सकाळी मी यादी उघडली. पाकिटं अजूनही सत्तरच येत होती. सगळ्यांना पूर्ण द्यायची तर शंभरातल्या सत्तरच जणांना सुरू करता येणार होती. म्हणून जिथे आकडा शून्याजवळ होता अशा एकतीस तालुक्यांत चाहूलने नवीन रुग्णांची नोंदणीच बंद केली होती. सुरू न केलेल्या उपचारात खंड पडत नाही. देवळखेड यादीत चौथं होतं.

मी दाभाडकर साहेबांच्या केबिनमध्ये शिरले, दार न वाजवता. त्यांना तोवर सगळं कळलं होतं, लांजेवार माझे कोण तेही. खुर्ची पुढे केली त्यांनी.

“वैद्यकीय समितीलाही मी विचारलं,” ते हळू म्हणाले. “त्यांचं म्हणणं, अर्धवट उपचारापेक्षा सुरूच न केलेला बरा. निदान जंतू निबर होत नाहीत. तुमच्या भावाचं प्रकरणच त्यांनी आधाराला घेतलंय, बाई. अहवालात नाव आहे.”

मला ओरडायचं होतं. वाक्यात चूक शोधायची होती. सापडली नाही.

घोरमोडे सरांना फोन केला. ते म्हणाले, “लगेच प्रश्न टाकतो, मसुदा पाठवा.” मी लिहायला बसले आणि प्रत्येक ओळीसमोर मला उत्तर दिसत गेलं. रुग्ण वंचित आहेत काय? नोंदणीकृत रुग्णांपैकी कोणीही वंचित नाही. खंड पडला काय? निरंक. प्रश्न टाकला असता तर देवळखेडला चार दिवस नोंदणी उघडली असती, आणि बत्तिसाव्या कुठल्यातरी तालुक्यात बंद झाली असती. तरी मी मसुदा पाठवणार होते. माझा अंगठा बटणावर होता.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला.

“बाई, बरी आहेस? एक सांगाचं होतं. पंधरा दिवसांपासून मलेही खोकला आहे. थुंकी तपासली. तोच निघाला, तुह्या दादावाला.” ती थांबली, खोकली. “पण दवाखान्यात नाव नाही लिवून घेत. सिस्टर म्हणे, वरून बंद आहे.”

मी समोरच्या यादीतली चौथी ओळ पुन्हा वाचली.

“तू त्या दिवशी चिठ्ठी लिवली ना नागपूरले, टीव्हीवर दाखवली. गावात सगळ्यायनं पायली. मी सगळ्यायले सांगितलं, आमच्या बाईनं लिवली म्हून. सिस्टरलेही सांगितलं. तं थे म्हणे, मंग त्यायलेच सांगा.” तिच्या आवाजात माझ्याबद्दल अभिमान होता, तो मला सहन होईना. “माह्यासाठी लिवशील का एक?”

तिचं नाव नोंदवलं तर तिचं पाकीट दुसऱ्या कुणाचं असणार होतं. आणि तिच्या छातीत जे वाढत होतं ते तिसऱ्या औषधाला आधीच सरावलेलं होतं. ते माझ्या घरचंच होतं.

“लिहिते,” मी म्हटलं.

“लिव,” ती म्हणाली. “मी इथं रांगेतच उभी आहो. सिस्टरले सांगतो, थांबा म्हून.”